रानातलं चालत नाही, मग दर्यातलं?

आज संध्याकाळी हर्णे बंदरावर लिलाव बघत होते. सुरमई, बांगडा, कोळंबी… आणि एका टोपलीत तळहातातही न भरणारी पापलेटं. एकदाही अंडी न घातलेली! २०२३ मध्ये याच पापलेटला आपण ‘राज्य मासा’ केलं. टोपली बघता बघता विकली गेली.

अमेरिकेत पॅसेंजर पिजन नावाची कबुतरं अशीच बाजारासाठी मारली, पिंपं भरभरून रेल्वेने शहरांत पाठवली. कोट्यवधी होती. शेवटचं १९१४ साली सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे रानातला ससा, तितर विकणं गुन्हा आहे. मासाही कुणी पाळलेला नसतो, तोही रानटी जीवच. मग पर्ससीन जाळ्याने, म्हणजे माशांना वेढून खालून आवळणाऱ्या मोठ्या जाळ्याने, अख्खी झुंड उपसणं वेगळं कसं? एलईडी दिवे लावून मासेमारी करायला तर केंद्राने २०१७ मध्येच बंदी घातली आहे.

छोट्या होडीवाल्या कोळी बांधवांना मी यात धरत नाही. मासा संपला की पहिली चूल त्यांचीच विझणार. मी स्वतः मासे खाते, पुढेही खाईन. पण पिल्लं घेणार नाही, आणि का घेत नाही ते मासे विकणाऱ्या मावशींना तिथेच सांगेन. तुम्हीही सांगा, प्लीज.