दंडाला सैल, पोटाला घट्ट

बेदाण्याचा हंगाम सुरू झाला की आमच्या ओपीडीतली तासगाव, कवठेमहांकाळ, जत भागातली गर्दी ओसरते. शेडवर माल निवडायला बायका लागतात, हजेरी बुडवून दवाखान्यात कोण येणार? २०२४ च्या फेब्रुवारीत अशाच एका सकाळी एक मावशी माझ्यासमोर दुसऱ्यांदा येऊन बसल्या. त्यांची हजेरी बुडालीच होती, सोबत आलेल्या मुलाचीही बुडाली होती. वजन कमी करण्यासाठी सल्ला घ्यायला येणारा माणूस किती काय बाजूला सारून येतो, हे टेबलाच्या या बाजूला बसणाऱ्या आम्हा लोकांच्या लवकर ध्यानात येत नाही.

मी मिरजेत आहारतज्ज्ञ म्हणून नोकरी करते. चौदा वर्षं झाली. महिन्याभरापूर्वी मावशी पहिल्यांदा आल्या त्या हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन. गुडघे झिजलेत, आधी वजन उतरवा, मग पुढचं बघू. वय ४६, उंची १५० सेंटिमीटर, वजन ८८ किलो. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, ३९, आणि आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. चौदा महिन्यांत ७० वरून ८८ झालेलं. रक्तदाब वाढलेला, साखर २३८. मुलाने कुणाच्या तरी सांगण्यावरून वजन घटवणाऱ्या शेकचे दोन डबे आणले होते. महिनाभर रात्रीचं जेवण बंद करून आईला तेच पाजलं. काटा हलला नाही.

माझी पद्धत ठरलेली आहे. 'काय खाता?' असं विचारलं की माणसं चांगलं चांगलं सांगतात, म्हणून मी विचारते, 'काल सकाळी उठल्यापासून सांगा.' मावशींनी सांगितलं. अर्धा कप चहा. दहाला शाळूच्या दोन भाकरी, मेथीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. दुपारी चहा. रात्री दीड भाकरी, आमटी, कधी मूठभर भात. वाटी दाखवून, भाकरीचा आकार हाताने करून घेऊन मी हिशेब केला. साधारण १४०० कॅलरी. एवढ्यावर ८८ किलो टिकत नाही. मग मी तेच केलं जे आमच्या धंद्यात सर्रास केलं जातं. मनातल्या मनात दोन भाकरी वाढवल्या, शेडवर बसल्या बसल्या तोंडात टाकलेले बेदाणे धरले, आणि १२०० कॅलरींचा तक्ता लिहून दिला.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी दिसली होती, आणि तीच आजही मला बोचते. मावशींचे हातपाय बारीक होते आणि पोट मात्र सुटलेलं. पण आपल्याकडे हे इतकं आढळतं की मी त्यावर थांबलेच नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं या विषयावरचं काम आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असतं. २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन यडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण यडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबी, अशी आपली ठेवण. मी विद्यार्थ्यांना हे दरवर्षी शिकवते. मावशींचे बारीक दंड मी याच खात्यात टाकून मोकळी झाले. माहीत असलेली गोष्टच कधी कधी आड येते, ती अशी.

तर त्या फेब्रुवारीच्या सकाळी मी त्यांना काट्यावर उभं केलं. ८८ किलो ६०० ग्रॅम. माझा तक्ता घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला, कडेला सुनेने रोज खुणा केलेल्या. मी जरा आवाज चढवूनच म्हणाले, "मावशी, खरं सांगितलं नाहीत तर मी काय करणार?"

त्या रडायला लागल्या. मुलगा खाली बघत बसला. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "घरात समदी हेच म्हंत्यात, चोरून खातीस. देवाशप्पत सांगते बाई, न्हाई खात. आता हे अंगावरचं झंपर बगा. टेलर सुदिक वैतागलाय माज्यावर. म्हंतो, मावशी तुमचं माप मला कळंना झालंय. पोटाला उसवायचं आन् दंडाला टीप मारायची."

त्यांनी हात पुढे केला. झंपराची बाही दंडाभोवती इतकी सैल होती की माझी चार बोटं आत गेली असती. पुढचे हुक मात्र ताणलेले, दोन हुकांच्या मध्ये कापड फाकलेलं. अठरा किलो वजन वाढलेल्या बाईच्या बाहीला टीप मारावी लागते?

मी खुर्ची पुढे ओढली आणि पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं. दंडावर रक्तदाबाचा पट्टा बांधला होता तिथे निळा डाग उमटला होता. मनगटावर तसलेच दोन जुने, पिवळे पडलेले. "कशाला तरी धडकलात का?" "न्हाई, हल्ली जरा लागलं की काळंनिळं पडतंय." चेहरा गोल, गाल लाल. मी म्हटलं, "हात न टेकता स्टुलावरून उठून दाखवा." दोनदा प्रयत्न केला, नाही जमलं. तिसऱ्यांदा मांड्यांवर हात दाबत उठल्या. गुडघा दुखला का विचारलं तर म्हणाल्या, "दुकत न्हाई, मांडीत जीवच न्हाई." गुडघ्याच्या नावाखाली सगळ्यांनी, मीही, जे लिहून टाकलं होतं ते मुळात गुडघ्याचं नव्हतंच. मांडीचे स्नायू झडले होते.

पडद्यामागे नेऊन पोट पाहिलं. बाळंतपणाचे वळ पांढरे, चांदीसारखे असतात, ते बऱ्याच आयांच्या पोटावर दिसतात. हे वळ जांभळे होते, बोटभर रुंद, वांग्याच्या सालीच्या रंगाचे. माझ्या पोटात गोळा आला.

"मावशी, औषधं काय काय चालू आहेत?"

मुलगा म्हणाला, "बीपीची एक गोळी. बाकी काय न्हाई."

हेच उत्तर माझ्या पहिल्या दिवशीच्या कागदावरही होतं. औषध म्हणजे डॉक्टरांनी दिलेलं, मेडिकलमधून आणलेलं. त्यात बाकीचं येतच नाही. म्हणून शब्द बदलून विचारलं. पुडी? काढा? चूर्ण? कुणी बाजारात दिलेलं काही?

"ती व्हय, गुडघ्याची पुडी," मावशी सहज म्हणाल्या. "ते जडीबुटीचं हाय, त्याचा काय तरास न्हाई." कनवटीच्या पिशवीतून त्यांनी वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली पुडी काढली. आत तपकिरी भुकटी, ओव्यासारखा वास. आठवडी बाजारात एक जण विकायचा. सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्यातून. २०२२ च्या डिसेंबरपासून एक दिवस चुकवली नाही, असं त्या म्हणाल्या. पहिल्या पुडीने तिसऱ्या दिवशी गुडघे थांबले, भूक कडकडून लागायला लागली, घरच्यांना वाटलं औषध अंगी लागलं. "आषाढीला दिंडीसंगट पंढरीला चालत गेलो आमी, त्या पुडीच्या जिवावर." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मला खोडून काढवेना.

सांधेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, हे इकडच्या कुठल्याही डॉक्टरला विचारा. दमा, सांधेवात यांवर डॉक्टर स्टेरॉइड देतात तेव्हा मोजून देतात, लक्ष ठेवून देतात, जीव वाचवायला देतात. पुडीत किती आहे हे बांधणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दुखणं जादूसारखं जातं. मग भूक वाढते, चरबी पोटावर, चेहऱ्यावर, मानेमागे जमते, दंड-मांड्या झडतात, कातडी पातळ होते, साखर आणि रक्तदाब चढतो. सगळी चिन्हं माझ्यासमोर स्टुलावर बसलेली होती आणि मी त्यांना १२०० कॅलरी लिहून दिल्या होत्या.

यानंतर माझ्या हातून जे घडणार होतं ते जास्त वाईट होतं. रागाच्या भरात मी म्हणाले, "आजपासून ही बंद. एक चिमूटही घ्यायची नाही." मुलाने पुडी चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात टाकली. तसंच त्यांना घेऊन मी मेडिसिनच्या सरांकडे गेले. सरांनी ऐकून घेतलं, तपासलं, आणि विचारलं, "पुडी कुठाय? शेवटची कधी घेतली? मध्ये कधी चुकली होती का?"

मावशींना आठवलं. दिवाळीत भाऊबिजेला माहेरी गेल्या, पुड्या घरीच राहिल्या. तिसऱ्या दिवशी उलट्या, चक्कर, उठवेना. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. घरी परतून पुडी घेतली आणि बरं वाटलं. त्यामुळे पुडीवरचा विश्वास आणखी पक्का झाला.

सर माझ्याकडे वळून शांतपणे म्हणाले, "ही एकदम बंद केली असती तर बाई गेली असती."

मूत्रपिंडाच्या टोकावर बसलेल्या ग्रंथी कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, बनवतात. बाहेरून भरपूर स्टेरॉइड येत राहिलं की त्या काम थांबवतात आणि झोपी जातात. मग बाहेरचा पुरवठा अचानक तोडला तर शरीराकडे आपलं असं काही उरत नाही, रक्तदाब कोसळतो. पुस्तकात मी हे वाचलेलं होतं. पण माझं काम अन्नाचं, औषध थांबवा म्हणायचा अधिकार माझा नव्हता, आणि त्या क्षणी मी तो घेऊन बसले होते. सरांनी मावशींना दाखल करून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला काढलेल्या रक्तात कॉर्टिसॉल १.२ आलं. त्या वेळी ते एरवी पाच-सहाच्या वर, बरेचदा दहा-पंधरा असतं. भुकटी प्रयोगशाळेत तपासायची सोय आमच्याकडे नव्हती, पण रक्ताने सांगायचं ते सांगितलं. पुडीच्या जागी मोजलेली गोळी सुरू झाली, ती महिन्या-महिन्याने उतरवायची. सोबत एक कार्ड: उलट्या-जुलाब किंवा ताप आला तर गोळी थांबवायची नाही, लगेच दवाखाना गाठायचा.

माझा तक्ता मी फाडला आणि नवा लिहिला. झडलेल्या स्नायूंच्या बाईला आणखी कमी खायला सांगणं म्हणजे उरलेला स्नायूही जाळणं. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं बसतील असं बघितलं: मोड आलेली मटकी, दोन अंडी, ताक, दूध, भाकरीबरोबर घट्ट डाळ. साखर बंद, मीठ, पापड, लोणचं कमी. भाकरी आहे तेवढीच. फिजिओथेरपिस्टने खुर्चीवर बसून मांडी उचलायचे व्यायाम शिकवले. गोळी पूर्ण सुटायला अकरा महिने लागले. वजन ७६ वर आलं, जांभळे वळ फिके झाले, साखरेला एकच गोळी राहिली. गुडघे मात्र पुन्हा दुखायला लागले, अगदी पहिल्यासारखे, आणि त्या महिन्यांत मावशी दोनदा पुडीवाल्याचा पत्ता विचारायला निघाल्या होत्या. सून आडवी आली म्हणून थांबल्या. हेही सांगितलं पाहिजे, नाहीतर गोष्ट खरी होणार नाही.

हल्ली माझ्याकडे वजन घटवायच्या इंजेक्शनची चौकशी करणारे रोज येतात. २०२५ पासून टिर्झेपॅटाइड आपल्याकडे मिळायला लागलं, सेमाग्लुटाइडचं वजनासाठीचं इंजेक्शनही आलं, आणि योग्य माणसाला ती खरोखर उपयोगी पडतात. पण इंजेक्शन असो की तक्ता, तिथवर जायच्या आधी मी आता विचारते, वजन कधीपासून वाढलं आणि त्या सुमारास आयुष्यात काय नवीन आलं? थायरॉइड, पाळीच्या तक्रारी, मनाच्या आजारावरच्या काही गोळ्या, इन्सुलिन, यातलं काही आहे का? आणि घरातली सगळी पिशवी घेऊन या, पुडीसकट. तुम्ही कुणाकडे सल्ल्याला गेलात आणि त्यांनी हे न विचारता कागद पुढे सरकवला, तर तुम्हीच हे सांगा. लाजू नका. आणि चालू असलेलं काहीही माझ्यासारखीच्या एका वाक्यावर बंद करू नका.

त्या दिवसाचं एक सांगायचं राहिलं. दाखल करायचे कागद होत होते तेव्हा मावशी माझ्या टेबलाशी आल्या. हात टेकत, सावकाश. म्हणाल्या, "बाई, म्या चोरून खात नव्हते हे तुमाला पटलं न्हवं?"

"पटलं."

"मग तेवडं लिवून द्या. घरात दावायला."

मी रुग्णालयाच्या कागदावर, सही-शिक्क्यासह, मराठीत लिहिलं: 'यांचं वजन औषधाच्या पुडीमुळे वाढलं आहे. त्या चोरून खात नाहीत. त्या मला जे सांगत होत्या ते खरं होतं.' मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद मुलाच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "वाच. मोठ्यानं वाच."