टॅन थीटा आणि सोसायटीचा रॅम्प

आज दहावीच्या मुलांना घेऊन वर्गाबाहेर पडलो. त्रिकोणमितीचा तक्ता सगळ्यांना तोंडपाठ, पण टॅन लागतो कशाला विचारलं तर उत्तर आलं, "दोन मार्कांना." (अगदीच खोटं नाही म्हणा.)

जवळच्या एका इमारतीत व्हीलचेअरसाठी रॅम्प आहे. टेप आणि वही एवढंच सामान. उंची 60 सेंटीमीटर, आडवं अंतर 3 मीटर. टॅन थीटा, म्हणजे उंची भागिले आडवं अंतर, 0.2; कोन 11.3 अंश. आणि आपल्याकडचे नियम सांगतात, उतार एकास बारापेक्षा (एक मीटर उंचीला बारा मीटर आडवं अंतर) तीव्र नको. म्हणजे कोन पावणेपाच अंश!

"पण काका, पाच आणि अकरात असा काय फरक पडतो?"

हाच प्रश्न मला हवा होता. मग कोनाचा साईन काढला; वजनाचा तेवढाच हिस्सा उतारावरून खाली ओढत असतो. माणूस आणि खुर्ची मिळून 80 किलो धरा, घर्षण सोडून द्या. एकास बारावर साधारण साडेसहा किलोचा जोर लागतो, या रॅम्पवर जवळपास 16 किलोचा. तोही स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. पोरं गप्प झाली.

नियमाप्रमाणे आडवं अंतर 7.2 मीटर हवं, तेवढी जागा समोर नाही. मी काही बोललो नाही. दोघींनी खडूने फरशीवरच मधे सपाट टप्पा ठेवून वळणारा रॅम्प आखला. बांधकामाच्या साइटवर आम्हीही हेच करतो.

वॉचमनकाकांनी मात्र फरशी पुसून घेतली आमच्याकडून. पुढच्या वेळी पाण्याची टाकी.