ओठ हलत होते, आवाज नव्हता

संगीत शिक्षक आणि समूहगायनाचे संचालक यांच्यासाठी मी प्रशिक्षण वर्ग घेते. त्यात एक नियम हट्टाने पाळते: दुपारनंतर व्याख्यान नाही. दुपारी गाणारा वृंद समोर उभा करायचा, एका शिक्षकाने तालीम घ्यायची आणि बाकीच्यांनी वही घेऊन ऐकत बसायचं. यामागे कारण आहे. संचालक गायकांना सुधारतो, साथीदारांना सुधारतो, पण त्याला कोण सांगणार, की तुमचे खांदे वर जातात म्हणून मुलंही वरवरचा श्वास घेतात? शिकणं संपलं की वर्षानुवर्षं त्याची तालीम बाहेरून कुणी पाहिलेलीच नसते.

त्या दिवशी दुपारी ज्या शिक्षिका पुढे आल्या, त्यांनी आपल्याच शाळेतली मुलं आणली होती. अकरा ते चौदा वयाची, तीसेक मुलं-मुली. बाईंचा आवाज सकाळपासूनच बसलेला. त्यांनी आधी लिहून दिलेली अडचण अशी होती: ‘दुसऱ्या कडव्यापासून मुलांचा सूर उतरतो. सांगून सांगून माझा घसा जातो. उपाय हवा.’

तालीम सुरू झाली आणि पहिल्या दोन ओळींतच मला दिसलं की बाई स्वतः गातायत. सुरुवात करून देण्यापुरतं नव्हे, अथपासून इतिपर्यंत, तेही मोठ्याने. समूहगायनाच्या तालमीत हे इतक्या वेळा पाहायला मिळतं, की पाहणाऱ्यालाही ते खटकेनासं होतं. एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टराने १९११ मध्ये एक गोष्ट मांडली होती: आजूबाजूला गोंगाट असला की माणसाचा आवाज आपोआप चढतो, त्याला ते कळतही नाही. वृंदात हेच होतं. मुलांना कळावं म्हणून बाई चढ्या आवाजात गातात, स्वतःचा आवाज ऐकू येईना म्हणून मुलं चढतात, की बाई आणखी चढतात. घसा बसतो तो यात. पण मला जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. संचालकाच्या कानाला सगळ्यांत जवळचा आवाज त्याचा स्वतःचा असतो. तो सुरू असला की समोरचे तीस आवाज त्याला नीट ऐकूच येत नाहीत.

मी म्हटलं, ‘‘मॅडम, आता एकदा ओठ मिटून घ्या. फक्त हातांनी.’’

‘‘मग त्यांना कळणार कसं, कुठे उचलायचं ते?’’

‘‘हातांवरून.’’

पहिली ओळ कशीबशी निभावली. दुसऱ्या ओळीत डावी बाजू गळाली. तिसऱ्या ओळीला पुढच्या रांगेतल्या सात-आठ मुली तेवढ्या गात होत्या, मग त्याही थांबल्या. इतके दिवस गाणं पाठ आहे असं वाटत होतं, ते बहुतेकांना बाईंच्या आवाजामागून जाण्यापुरतंच पाठ होतं. बसलेल्यांपैकी एक सर मदतीला उठू लागले, त्यांना मी खुणेने बसवलं. बाईंना ते स्वतः ऐकू द्यायचं होतं.

मग आम्ही एकाच गोष्टीवर वेळ घालवला: पहिल्या स्वराआधीची मात्रा. मुलं गायला लागतात ती खरं तर समेवर नाही, त्याआधीच्या मात्रेवर. तिथे संचालकाचा हात वर जातो आणि त्याबरोबर त्याचा स्वतःचा श्वास आत येतो. त्या एका हालचालीत गाण्याची लय हवी, आवाज किती मोठा तेही हवं आणि मुलांना श्वास घ्यायला जागाही हवी. बाईंचा हात आजवर ठेका धरत होता, कारण उचलून द्यायचं काम गळा करत होता. गळा बंद झाल्यावर हाताला बोलणं भाग पडलं. चार-पाच वेळा मुलं पुढेमागे आली. मग एकदा बाईंनी नाकातून सावकाश श्वास घेत हात उचलला आणि सगळी मुलं एकत्र लागली. बाईंचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता.

बाई गप्प राहून तालीम घेत असताना मी रांगांमधून फिरत होते. ही सवय प्रत्येक संचालकाने लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं, कारण समोरून वृंद एकसंध वाटतो, आत शिरल्यावर माणसं ऐकू येतात. मागच्या रांगेत टोकाला एक उंच मुलगा होता. त्याचे ओठ अगदी बरोबर हलत होते, जबडा उघडत होता, प्रत्येक शब्द ओठांवर स्पष्ट. मी त्याच्या खांद्यापाशी उभी राहिले. आवाज नव्हता. कुजबुजसुद्धा नाही.

सगळ्यांदेखत त्याला काही विचारायचं नव्हतं. मुलांना पाणी प्यायला सोडलं आणि त्याला म्हटलं, ‘‘जरा पेटीपाशी थांब रे.’’ बाईही आल्या.

‘‘गाणं पाठ आहे तुझं?’’

‘‘हो बाई. सगळं.’’

‘‘मग आवाज का नाही?’’

‘‘मला नुसते ओठ हलवायला सांगितलंय. माझा आवाज फाटतो.’’

बाई पटकन म्हणाल्या, ‘‘अरे, मीच सांगितलं होतं ते, पण कार्यक्रमापुरतं! तो तर केव्हाच झाला.’’

कार्यक्रम संपल्यावर आता गायला हरकत नाही, हे त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो बिचारा तेव्हापासून प्रत्येक तालमीला वेळेवर येत होता, शेवटच्या रांगेत उभा राहत होता आणि दिलेली सूचना प्रामाणिकपणे पाळत होता.

मी त्याला वीसपासून उलटे आकडे म्हणायला सांगितलं. मुलगा आकड्यांकडे लक्ष देतो, आवाज बनवायचं विसरतो आणि बोलण्याचा खरा सूर सापडतो. तो मधल्या सप्तकाच्या खालच्या सप्तकातल्या पांढरी सहाच्या आसपास निघाला (पेटीच्या पांढऱ्या पट्ट्या प्रत्येक सप्तकात एक ते सात अशा मोजतात). या वयात बोलण्याचा सूर हा बहुधा आवाजाच्या तळापासून थोडाच वर असतो. तिथून खाली जाऊन पाहिलं, मग एकेक सूर वर. खालच्या पांढरी पाचपासून मधल्या पांढरी तीनपर्यंत सहा स्वर त्याला आरामात लागत होते, आणि छान लागत होते. त्याच्या वर मात्र आवाज तुटत होता. बाईंचं गाणं सुरू होत होतं मधल्या पांढरी एकवर आणि जात होतं तार षड्जापर्यंत, म्हणजे वरच्या सापर्यंत. त्याच्यासाठी त्यातलं निम्म्याहून जास्त गाणं आवाक्याबाहेरचं होतं. म्हणून आवाज फाटत होता. यात बेसूरपणाचा काही संबंध नव्हता.

आवाज फुटतो तेव्हा मुलग्याच्या स्वरयंत्राचा सांगाडा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज शेवटी साधारण एक सप्तक खाली उतरतो. पण तो एका रात्रीत उतरत नाही. अमेरिकेतले संगीतशिक्षक आणि संशोधक जॉन कुक्सी यांनी १९७०च्या दशकात या प्रवासाचे टप्पे मांडून दाखवले आणि प्रत्येक टप्प्यावर मुलाला गाता येईल असा स्वरांचा पट्टा असतो, हे शिक्षकांपुढे ठेवलं. मुलींचाही आवाज बदलतो. तो दोन-तीन सूरच उतरतो, पण काही काळ त्यात हवा मिसळलेली येते आणि अशा मुलीला ‘जोर लाव’ म्हणणं हा अन्याय आहे.

पाणी पिऊन मुलं परतेपर्यंत पेटीवरच त्याच्यासाठी एक ओळ बसवली. गाण्याचा सा मधल्या पांढरी एकवर असल्याने मंद्र पंचमापासून (खालच्या सप्तकातल्या प-पासून) मधल्या गंधारापर्यंतचे (ग-पर्यंतचे) स्वर त्याच्या हातात होते. चाल सा-गवर रेंगाळते तिथे त्याने सा धरायचा, रे आणि नीवर जाते तिथे मंद्र प. बस, एवढंच. उलटे आकडे म्हणायला लावल्यावर आणखी दोन मुलगे याच पट्ट्यात सापडले. तिघांना मागच्या टोकावरून काढून मधोमध उभं केलं.

सूर उतरणं थांबलं असं मी म्हणणार नाही. पण चांगलंच कमी झालं, आणि का ते समोर बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला ऐकू आलं: खाली कुणीतरी सा धरून ठेवला होता, आणि वरची मुलं त्याच्यावर टेकत होती. त्या मुलाचा आवाज पहिल्यांदा थरथरला, दुसऱ्या वेळी बसला, आणि तिसऱ्या वेळी जरा जास्तच मोठा आला. बाईंनी डावा तळहात किंचित खाली करून तो कमी करायला सांगितला, एक शब्दही न बोलता. त्याने कमी केला.

संध्याकाळच्या चर्चेत एका अनुभवी संचालकांनी रास्त प्रश्न विचारला. ‘‘माझ्याकडे आठवड्याला दोन तास असतात. प्रत्येकाचा आवाज तपासू कधी?’’ एका मुलाला मिनिटभर पुरतं. बाकीची मुलं शब्द उतरवून घेत असतात तेव्हा दोघा-तिघांना पेटीपाशी बोलवायचं. स्पर्धेपुरतं ओठ हलवायला सांगणं हा मार्ग सोपा आहे हे मला मान्य आहे, पण त्याला माझा विरोध आहे आणि तो मी त्या बैठकीत स्पष्ट बोलून दाखवला. ‘मला गाता येत नाही’ म्हणणाऱ्या मोठ्या माणसांना विचारून पाहा, कितीतरी जणांना असंच एक वाक्य शाळेत ऐकवलं गेलेलं असतं.

आता या वर्गाला येणाऱ्या प्रत्येकाने आपल्या वृंदाचा तक्ता आणायचा असतो: नाव, बोलण्याचा सूर, सगळ्यांत खालचा, सगळ्यांत वरचा, आरामाचा पट्टा आणि तारीख. तारखेचा रकाना मी मुद्दाम ठेवलाय, कारण या वयात काही आठवड्यांत तक्ता जुना होतो. त्या बाईंनी पुढे कळवलं, ‘त्याला आता वरचे रे-ग लागत नाहीत, खाली मंद्र म लागायला लागलाय. काय करू?’ मी उत्तर दिलं, त्याची ओळ खाली घ्या, सापडत नसेल तर नवी लिहा, आणि बाकीच्या दोघांचाही पट्टा याच आठवड्यात पुन्हा बघा.