दाखल नोंदवहीतले वर्ष

वसई, बुधवार, २८ मे २०२५

पाऊस परवा, २६ मे रोजीच मुंबईत येऊन ठेपला. हवामान खात्याच्या नोंदींत तो इतक्या लवकर कधी आलेला नाही. ग्रंथालयाच्या पश्चिमेकडील खिडक्यांना आम्ही दरवर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात ताडपत्री बांधतो. या वेळी ती गोदामातच राहिली होती, त्यामुळे सोमवारी सकाळी कुलूप उघडले तेव्हा खालच्या फळीवरच्या चार पुस्तकांच्या बांधणीला ओल आलेली होती. ती पंख्याखाली उभी करून, पाने हलक्या हाताने विलग करून ठेवली आहेत. आज त्यांच्याजवळ बसून ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांची वर्षभराची दाखल नोंदवही चाळली. आमच्या कॅथलिक महाविद्यालयाच्या वार्षिक अहवालात समारंभ आणि सत्कार येतील, परंतु या वर्षात नेमके काय बदलले ते मला या वहीच्या रकान्यांत अधिक स्पष्ट दिसते.

वर्षाची सुरुवात स्वायत्ततेच्या पत्राने झाली. पदवी मुंबई विद्यापीठाचीच राहील. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल मात्र आता आमचे आम्हीच पाहायचे आहेत. १८६९ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या सेंट झेवियर्सला ही स्वायत्तता २०१० साली मिळाली, आणि १८८२ साली सुरू झालेले बंगळुरूचे सेंट जोसेफ २०२२ साली स्वतंत्र विद्यापीठच झाले. त्यामुळे आमच्या शिक्षककक्षातही ‘उद्या आपलेही कॅथलिक विद्यापीठ’ असे बोल निघू लागले. ते ऐकून मला आनंद झाला आणि तितकीच काळजीही वाटली, कारण ज्या ग्रंथालयात संशोधनाची नियतकालिके एका कपाटात मावतात त्या ग्रंथालयाच्या बळावर विद्यापीठ उभे राहत नाही, आणि हे मी ग्रंथालय समितीच्या बैठकीत स्पष्ट शब्दांत मांडले. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात नियतकालिकांची तरतूद वाढली आहे, एवढे खरे.

नव्या शैक्षणिक धोरणाची पहिली तुकडी गेल्या जूनमध्ये आली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुले ऐच्छिक, श्रेयांक या शब्दांनी आधी सर्वांनाच गोंधळात टाकले, पण ग्रंथालयाला या बदलाने जे दिले ते गेल्या पंधरा वर्षांत मी पाहिले नव्हते. वाणिज्य शाखेची मुले आजवर परीक्षेच्या आधी गाईड मागायला येत. आता तीच मुले खुल्या ऐच्छिकासाठी कवितेच्या कपाटापुढे उभी राहून अनुक्रमांक शोधू लागली.

२५ जुलै रोजी फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. ‘सुवार्ता’ मासिकाचे ते अनेक वर्षे संपादक होते, हरित वसईच्या लढ्यात पुढे होते आणि जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही झाले. परंतु आमच्या भागातील घरांत त्यांचे लेखन आधी पोहोचले होते आणि पदे नंतर आली. त्या आठवड्यात आम्ही ‘सुवार्ता’चे जुने बांधीव खंड मेजावर मांडले. गासकडचे एक वृद्ध वाडीवाले, पायांत रबरी चपला आणि हातात छत्री अशा वेशात, दुपारभर उभ्या उभ्याच वाचत राहिले. खुर्ची पुढे केली तेव्हा ते म्हणाले, “बसलो तर उठवणार नाही, बाई.”

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला आणि त्यातून आमच्याकडे एका जुन्या मराठी पुस्तकाची फळी कोणती, हा प्रश्न निघाला. जेझुइट धर्मसंघाचे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. मराठी ओवीत त्यांनी रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली राचोल येथे रोमन लिपीत छापले गेले. ओव्या सुमारे अकरा हजार. सतराव्या शतकातील त्याच्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. हस्तलिखितांच्या आधाराने ते टिकले आणि १९०७ साली मंगळूरला पुन्हा छापले गेले. ओल आणि वाळवी यांच्याशी रोज झुंजणाऱ्या माणसाला हा इतिहास वाचताना अंगावर काटा येतो.

आमच्याकडील देवनागरी प्रत ग्रंथवर्गीकरणातील २३२ या क्रमांकाखाली, म्हणजे ख्रिस्तविषयक ग्रंथांत, होती. धर्मशिक्षण पाहणाऱ्या फादरांचे म्हणणे होते की श्रद्धेचा ग्रंथ श्रद्धेच्या फळीवरच असावा. मराठीच्या प्राध्यापिका म्हणत होत्या की तो ८९१.४६१ मध्ये, मराठी काव्यात, असायला हवा. दोन्ही बाजू मला मनापासून पटत होत्या, आणि प्रत तर एकच. शेवटी मी ती काव्यात हलवली, कारण दोनशेच्या, म्हणजे धर्मग्रंथांच्या, कपाटाकडे आमची ख्रिस्ती मुलेच जातात, तर काव्याच्या कपाटाकडे सर्वच जातात. संगणकीय सूचीत मात्र दोन्ही विषय नोंदवले. पुठ्ठ्याच्या पाठीवरचा जुना क्रमांक ब्लेडने खरवडून नवी चिठ्ठी चिकटवायला अर्धा तास गेला. फादरांनी स्वतः येऊन ती पाहिली आणि “चालेल” एवढेच म्हटले.

एप्रिलमध्ये, पास्काच्या म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, २१ तारखेला पोप फ्रान्सिस गेले. ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले गेले आणि त्यांनी १९७७ साली अमेरिकेतील व्हिलानोव्हा या ऑगस्टिनियन विद्यापीठातून गणिताची पदवी घेतल्याचे कळताच बी.एस्सी.ची दोन मुले बातमीचे कात्रण सूचनाफलकावर लावायला घेऊन आली. त्याच फलकावर मी पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांविषयी काढलेल्या अधिकृत आदेशपत्राची माहिती लावली. सत्याचा मुक्त शोध हे विद्यापीठाचे काम आहे, असे त्यात आहे. विद्यापीठाची स्वप्ने पाहणाऱ्या आम्ही सर्वांनी ते आधी वाचावे, असे मला वाटते.

‘क्रिस्तपुराण’ फळी बदलल्यानंतर पहिल्यांदा नेले ते पाचूबंदरच्या एका मुलीने. वाणिज्य शाखेची, आई पहाटे मासळी घेऊन बाजारात बसते. प्रकल्पासाठी शंभर ओव्या वाचायच्या होत्या. परत करताना ती म्हणाली, “मॅडम, हे ज्ञानेश्वरीच्या चालीवर म्हणता येतं. मी म्हणून पाहिलं.” आणि माझ्या मेजापाशी उभी राहून तिने हलक्या आवाजात चार ओव्या म्हटल्या. शिपाईदादा हातातला पुस्तकांचा गठ्ठा खाली न ठेवता ऐकत राहिले.

भिजलेल्या चारांत ते पुस्तक नाही. ते वरच्या फळीवर आहे, हे मी सोमवारी सर्वांत आधी पाहिले. चौघांपैकी तिघांची पाने आज संध्याकाळी सुकली. चौथ्याची बांधणी सुटली आहे, ते उद्या बाइंडरकडे पाठवते आणि ताडपत्रीही उद्याच बांधून घेते.