आठ फाइव्ह-स्टार आणि बाजारातल्या तुरी

डिसेंबर आला की माझ्या फोनवर एक ठरलेला मेसेज येतो, "दादा, यंदा आपला क्लास कसा आहे?" विचारणारा अमेरिकेतल्या टेक्सास ए अँड एम या माझ्या कॉलेजातला ज्युनियर. क्लास म्हणजे लेक्चर नाही हे आधीच सांगतो, नाहीतर घरचे वाचतील आणि म्हणतील हा अजून शिकतोच आहे का. क्लास म्हणजे आमच्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल टीमने त्या वर्षी हायस्कूलमधून उचललेली वीस-पंचवीस पोरं. सतरा-अठरा वर्षांची पोरं डिसेंबरमध्ये कागदावर सही करतात, कॅमेऱ्यासमोर टोपी घालतात आणि कॉलेज स्टेशनपासून ह्यूस्टनपर्यंत सगळे ए अँड एमवाले लगेच मार्क द्यायला बसतात. त्यातल्या एकानेही अजून आमच्यासाठी एक बॉल पकडलेला नसतो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

मीही द्यायचो मार्क. एक्सेल शीट होती माझी, रंगबिरंगी. २०२२ चा क्लास आला तेव्हा तर मी हवेत होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ते २४७स्पोर्ट्स, रायव्हल्स, ईएसपीएन वगैरे वेबसाइटवाले लोक देशभरच्या हायस्कूलच्या पोरांना स्टार देतात आणि सगळ्यांचं मिळून एक कॉम्पोझिट निघतं. फाइव्ह-स्टार साधारण बत्तीसच, कारण एनएफएल या प्रोफेशनल लीगच्या ड्राफ्टमध्ये (कॉलेजच्या पोरांची वार्षिक निवड) पहिल्या राउंडला बत्तीस पोरं निवडली जातात, म्हणजे फाइव्ह-स्टारचा अर्थच असा की हा पोरगा तीन-चार वर्षांनी पहिल्या राउंडला जाईल असा आमचा अंदाज आहे. तर २०२२ ला आमच्याकडे असे आठ आले. एकाच टीमला आठ! अलाबामा, जॉर्जिया सगळे मागे, आणि ही रँकिंग सुरू झाल्यापासून इतके पॉइंट तोपर्यंत कोणत्याच क्लासला मिळाले नव्हते. अलाबामाचा तेव्हाचा कोच निक सेबनने जाहीरपणे म्हणून टाकलं की यांनी पोरं विकत घेतली, आमचा कोच जिम्बो फिशरने लगेच पत्रकार परिषद घेऊन त्याचे वाभाडे काढले, आणि मी ती पत्रकार परिषद दोनदा बघितली, खोटं कशाला बोलू.

मग सीझन सुरू झाला. देशात सहाव्या नंबरवरून सुरुवात, आणि दुसऱ्याच मॅचला, आमच्याच काइल फील्ड मैदानावर, आपणच पैसे देऊन बोलावलेल्या ॲपलेचियन स्टेटने आम्हाला १७-१४ ने हरवलं. घरात. लाखभर माणसांसमोर. शेवटी ५ जिंकल्या ७ हरल्या, सीझननंतरचा बाउल गेमसुद्धा नाही. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये फिशरला काढलं आणि काढण्यासाठी त्याला ७.५ कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल करावं लागलं. यावर मी काही बोलत नाही, बीपी वाढतं.

आता कोण म्हणेल की एका सीझनवरून पोरांना काय नावं ठेवायची, फ्रेशमनच (पहिल्या वर्षाचे) होते सगळे. बरोबर आहे. म्हणून मी तीन वर्षं थांबलो आणि २०२५ च्या ड्राफ्टनंतर ती जुनी शीट परत उघडली आणि एक नवीन कॉलम टाकला, "कुठे गेला". वॉल्टर नोलन, ओल मिस. एव्हन स्ट्युअर्ट, ऑरेगन. एलटी ओव्हर्टन, अलाबामा (हो, अलाबामाच). ज्याच्यावर सगळी भिस्त होती तो क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा, टीम चालवणारा) कॉनर वीगमन, ह्यूस्टन. आठातले बहुतेक ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलायच्या यादीतून, गेले. आणि गंमत बघा, २०२५ च्या ड्राफ्टमध्ये सोळावा नोलन गेला आणि लगेच सतरावा शेमार स्ट्युअर्ट. दोघं एकाच क्लासचे, दोघं डिफेन्सिव्ह लाइनचे (समोरच्या क्वार्टरबॅकवर चालून जाणारी रांग), एक सोडून गेला, एक शेवटपर्यंत राहिला, आणि निघाले एकामागोमाग एक. म्हणजे स्टार देणारे चुकले नव्हते! पोरं खरंच पहिल्या राउंडची होती, फक्त त्याचा आम्हाला उपयोग झाला नाही. शेमारने तर तीन सीझनमध्ये मिळून साडेचार सॅक केले (सॅक म्हणजे क्वार्टरबॅकला बॉल फेकायच्या आत पाडणं), दरवर्षी दीड, तरी त्याची उंची, वजन आणि धावण्याचा वेग बघून एनएफएलने पहिल्या राउंडला उचललाच.

हे बघितल्यावर मला पहिल्यांदा कळलं की "पोरगा किती चांगला" आणि "क्लास किती चांगला" हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि मी इतकी वर्षं पहिल्याचं उत्तर दुसऱ्याच्या जागी लिहीत होतो.

त्या शीटमध्ये आणखी एक गोष्ट डोळ्यांत खुपली. नोलन, शेमार, ओव्हर्टन, ब्राउनलो-डिंडी, अँथनी लूकस, ही पाच मोठी नावं आणि पाचही डिफेन्सिव्ह लाइनची. एका वेळी मैदानात त्या लाइनमध्ये उभे राहतात चार. त्यात आधीची सीनियर पोरं असतातच. मग ज्याला लहानपणापासून सगळ्यांनी डोक्यावर घेतलंय असा अठरा वर्षांचा पोरगा बेंचवर बसून किती दिवस टाळ्या वाजवेल? पूर्वी बसावं लागायचं, कारण दुसऱ्या कॉलेजात गेलं की एक वर्ष खेळताच यायचं नाही. ट्रान्सफर पोर्टल आलं २०१८ ला, २०२१ पासून एकदा बदललं तर लगेच खेळायची परवानगी, आणि २०२४ पासून हवं तितक्या वेळा बदला. २०२१ च्या जुलैपासून एनआयएलचे, म्हणजे पोराच्या नावाच्या आणि चेहऱ्याच्या जाहिरातीचे, पैसेही आले. म्हणजे क्लास हे आता लग्न नाही, अकरा महिन्यांचा भाडेकरार आहे. आणि अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला आपण चार वर्षांचे मार्क देतोय.

म्हणून आता नवा क्लास आला की मी सगळ्यात आधी ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे आपल्या क्वार्टरबॅकला वाचवणारी रांग, बघतो. कंटाळवाणी जागा आहे, हायलाइट व्हिडिओत कोणी दिसत नाही, पण एकतर ही पोरं तयार व्हायला वेळ लागतो, अडीचशे-पावणेतीनशे पाउंडाचा पोरगा तीनशेच्या वर न्यायचा आणि तरी त्याचे पाय हलले पाहिजेत, आणि दुसरं म्हणजे वेळ लागतो म्हणूनच त्यातली बरीच टिकतात. उदाहरण घरचंच देतो. २०२५ ला आम्ही साउथ कॅरोलायनासमोर ३०-३ ने मागे असताना ३१-३० ने जिंकलो, रेग्युलर सीझन ११-१ संपवला, पहिल्यांदा नॅशनल चॅम्पियनशिपच्या प्लेऑफला गेलो. त्या टीमचे दोन्ही टॅकल (ऑफेन्सिव्ह लाइनच्या टोकांचे), डावीकडे ट्रे झून आणि उजवीकडे डमेट्रियस क्राउनओव्हर, २०२१ च्या क्लासचे. २०२२ च्या नाही, त्याच्या आधीच्या. क्राउनओव्हर तर आला होता टाइट एंड, म्हणजे बॉलही पकडणारा, म्हणून! त्याचं नाव माझ्या २०२१ च्या शीटमध्ये कुठेतरी तळाशी होतं, मी रंगसुद्धा दिला नव्हता.

दुसरं बघतो ते म्हणजे पोराला आणखी कोणी बोलावलं होतं. स्टार देणारा माणूस शेकडो पोरं बघतो, पण जॉर्जिया किंवा ओहायो स्टेटच्या कोचची नोकरी त्या पोरावर अवलंबून असते, त्यामुळे तीन स्टारवाल्या पोरामागे असे दोन-तीन जण लागले असतील तर मी स्टार विसरतो. उलट चार स्टार आहेत पण मोठं कोणीच मागे नाही, तिथे मी सावध.

तिसरं, दुसरा खेळ. लाइनवाला पोरगा गोळाफेक किंवा कुस्ती करतो का, रिसीव्हर (बॉल पकडणारा) शंभर मीटर पळतो का, आणि घड्याळ लावून पळतो का कोचच्या तोंडी आकड्यावर. आमचा माइक एव्हन्स आठवा, हायस्कूलमध्ये फुटबॉल फक्त शेवटच्या वर्षी खेळला, बाकी सगळा बास्केटबॉल, त्यामुळे स्टारवाल्यांना तो नीट दिसलाच नाही आणि २०१४ च्या ड्राफ्टला सातवा गेला. त्याच टीमचा जॉनी मॅन्झिएल पण थ्री-स्टारच, आणि २०१२ ला हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलच्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, जिंकणारा पहिला फ्रेशमन. पण हेही सांगायला पाहिजे की माइल्स गॅरेट फाइव्ह-स्टार होता आणि २०१७ ला ड्राफ्टमध्ये पहिलाच गेला, म्हणजे पोराचे पाय कधीकधी पाळण्यात दिसतात पण.

एक चौथी थिअरी होती, की जवळची पोरं टिकतात. तीही एक्सेलमध्ये तपासली. एव्हन स्ट्युअर्ट डॅलसजवळच्या फ्रिस्कोचा, वीगमन ह्यूस्टनजवळच्या सायप्रसचा. दोघेही गेले. आणि शेवटपर्यंत राहिलेला शेमार फ्लोरिडाचा. थिअरी डिलीट.

आता इथे कोणीतरी इंडियाना युनिव्हर्सिटीचं नाव काढणारच. काढा. कोच कर्ट सिग्नेटी तिथे जाऊन दोनच सीझन झाले होते, आणि २०२६ च्या जानेवारीत त्यांनी सोळापैकी सोळा जिंकून नॅशनल चॅम्पियनशिप घेतली, आणि तीसुद्धा कॅल (बर्कली) मधून पोर्टलने आलेल्या फर्नांडो मेंडोझासारख्या क्वार्टरबॅकवर, ज्याने हाइझमन पण नेलं. बड इलियट या पत्रकाराचं ते ब्लू-चिप रेशो आहे ना, की चॅम्पियन व्हायचं तर गेल्या चार क्लासमध्ये निम्म्याहून जास्त पोरं चार-पाच स्टारची पाहिजेत, वर्षानुवर्षं बरोबर येणारा तो नियम त्यांनी मोडला. पण म्हणून हायस्कूलचे स्टार कचऱ्यात टाकायचे का? मला नाही पटत. इंडियानाची टीम मोठ्या वयाची होती, दुसऱ्या कॉलेजात तीन-तीन वर्षं खेळून आलेली, म्हणजे तीन-चार वर्षांची वाट त्यांनीही बघितलीच की, फक्त दुसऱ्याच्या घरी. आमचंही तसंच झालं, २०२५ ला आमचा सगळ्यात भारी डिफेन्सवाला कॅशियस हॉवेल बोलिंग ग्रीनहून आलेला, रिसीव्हर केसी कॉन्सेप्सियन एनसी स्टेटहून, मारिओ क्रेव्हर मिसिसिपी स्टेटहून. क्वार्टरबॅक मार्सेल रीड मात्र हायस्कूलमधून आपणच आणलेला, २०२३ चा, वीगमनच्या मागे गपचूप बसलेला, आणि २०२४ ला एलएसयूच्या मॅचमध्ये मधेच आत आला आणि तीन टचडाउन स्वतः पळत केले.

(प्लेऑफमध्ये घरच्या मैदानावर मायामीकडून १०-३ ने हरलो. तीन पॉइंट. विषय बंद.)

पैशाचंही बघावं लागतं आता. २०२५ च्या जुलैपासून कॉलेज थेट पैसे देतं, सगळ्या खेळांचे मिळून पहिल्या वर्षी २.०५ कोटी डॉलरपर्यंत, आणि फुटबॉलचा रोस्टर, म्हणजे टीममधली पोरं, १०५ चाच. म्हणजे शेवटच्या पाच-सहा थ्री-स्टार पोरांवर जागा आणि पैसे घालवायचे की तेच पोर्टलमधल्या एका तयार टॅकलला द्यायचे, हा हिशोब कोच सही घ्यायच्या आधीच करतो. त्यामुळे क्लास लहान आहे म्हणून रँकिंग खाली गेली, असं दिसलं तर मी आता घाबरत नाही, आधी विचारतो की ती जागा कोणासाठी ठेवली आहे.

तर ज्युनियरला मी उत्तर पाठवलं, हे सगळं, जवळपास एवढंच लांब. वर लिहिलं की यंदाच्या टॅकलची नावं लक्षात ठेव आणि २०२९ ला मला विचार. त्याने दोन मिनिटांत रिप्लाय दिला, "म्हणजे चांगला आहे ना?"

मी अंगठा पाठवला. आमच्या कॉलेजात अंगठा म्हणजे "गिग एम", मराठीत अंगठा दाखवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे, त्याने हवा तो अर्थ घ्यावा.