डाव्या सीटवरून न दिसलेले दिवे

हाँगकाँगचा काई टाक विमानतळ 6 जुलै 1998 ला बंद झाला, पण त्याच्या 13 नंबरच्या रनवेचे व्हिडिओ अजून फिरतात आणि खाली लोक 'काय थरार!' लिहितात. मला राग येतो. थरार होऊ न देणं हेच तर तिथलं काम होतं.

इतरत्र आयएलएस, म्हणजे रेडिओ संदेशांनी उतरायची वाट दाखवणारी यंत्रणा, तुम्हाला सरळ रनवेच्या तोंडाशी आणून सोडते. 13 च्या रेषेत डोंगर, म्हणून तिथे आयजीएस बसवलेली, म्हणजे तशीच यंत्रणा, पण रनवेऐवजी टेकडीकडे नेणारी. तिच्या आधाराने 88 अंशांवर, पूर्वेकडे उतरत जायचं. समोर येते ती नारिंगी-पांढरे चौकोन रंगवलेली टेकडी. साधारण 650 फुटांवर हाताने उजवीकडे वळायला घ्यायचं, 47 अंश, तेही उतरता उतरता. कौलूनच्या गच्च्यांवर दिव्यांची वळणदार ओळ होती, ती धरून जायचं. पंख सरळ होईपर्यंत जेमतेम दीडशे-दोनशे फूट उरलेले. मिडल मार्करपर्यंत, म्हणजे वाटेवरच्या ठरलेल्या रेडिओ खुणेपर्यंत, काही दिसलं नाही तर ताबडतोब उजवीकडे वळून वर. तसंच पुढे गेलात तर डोंगरापासूनची सुरक्षित उंची राहणार नाही, हा इशारा चार्टवरच छापलेला असे.

त्या दिवशी आमचं 747 होतं आणि मी को-पायलट, उजव्या सीटवर. 13 वर को-पायलटने विमान उतरवायचं नाही असा आमच्याकडे नियम होता, आणि तो योग्यच होता. पावसाच्या सरी, दक्षिणेचा झोतांचा वारा. पूर्वेकडे जाताना हा वारा उजवीकडून आडवा लागतो आणि विमान डावीकडे, म्हणजे डोंगराकडे सरकवतो. वळायला जरा उशीर झाला की रनवेची रेषा ओलांडलीच. मग परत आणायला विमान जास्त कलवावं लागतं, आणि 747 कललेलं असताना टेकलं तर बाहेरचं इंजिन रनवेला घासतं.

ती चौकोनांची टेकडी दोघांनाही दिसली. वायपर पूर्ण वेगात. मी उजवीकडे पाहिलं तर गच्च्यांवरचे तीन-चार दिवे, पाण्याने फुटल्यासारखे, पण नक्की तेच.

"लाइट्स इन साइट," मी म्हणालो.

कॅप्टननी तिकडे एकदा मान वळवली आणि म्हणाले, "गो अराउंड." म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर. थ्रॉटल पुढे गेले, मी फ्लॅप कमी केले, चाकं वर घेतली. आम्ही उजवीकडे वळत ढगात शिरलो.

दुसऱ्या खेपेला सर ओसरली होती. व्यवस्थित उतरलो. प्रवासी कुरकुरले. पुढे ऑफिसातून जादा इंधनाचा खुलासा मागवणारं पत्र आलं. टेबलामागे बसून वळणाचा हिशोब मांडणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही.

हॉटेलच्या गाडीत मी विषय काढला. "अरे, तुला दिसले, मी नाही कुठे म्हणतोय?" ते म्हणाले. "वळवायचं मला होतं. मला नाही दिसले."

उजव्या वळणात उजव्या सीटवरून आतलं आधी दिसतं. डावीकडच्याला अख्खं कॉकपिट ओलांडून, माझ्या डोक्यापलीकडे बघावं लागतं. त्यात दिवे दिसून अर्ध्या वळणात सरीने पुन्हा झाकले असते तर? रनवे ओला, पलीकडे समुद्र. 4 नोव्हेंबर 1993 ला वादळी वाऱ्यात एक 747-400 याच रनवेवरून घसरून बंदराच्या पाण्यात गेलं होतं. माणसं सगळी वाचली. हे सगळं मला मान्य आहे. पण एकाला दिसलेलं दुसऱ्याच्या उपयोगी पडणार नसेल, तर ते ओरडून सांगायची पद्धत कशासाठी? मी स्वतः डाव्या सीटवर आलो तोवर काई टाक बंद झालं होतं, त्यामुळे तिथून कसं दिसायचं हे मला कधीच बघता आलं नाही.

747 घेऊन पावसात 13 वर उतरलेले कुणी कॅप्टन हे वाचत असतील तर कृपया सांगा. डाव्या सीटवरून तुम्हाला पहिला दिवा कधी दिसायचा, वळण सुरू करण्याआधी की नंतर?