रक्ताची पिशवी फ्रिजच्या दारात नको

गोचीडतापाने हिरड्या पांढऱ्याफटक पडलेला कुत्रा खानापूर-निपाणी पट्ट्यात नवा नाही. त्याच्यासाठी ठेवलेलं रक्त मात्र जिवापाड जपावं लागतं. सीपीडीए-१ म्हणजे रक्त गोठू न देणारं आणि टिकवणारं द्रावण; ३५० मिली रक्ताच्या पिशवीत ते ४९ मिली असतं. रक्त कमी भरलं तर प्रमाण बिघडतं. पिशवी २ ते ६ अंशांत, उभी, मधल्या कप्प्यात ठेवायची. दारात तापमान सारखं वरखाली होतं, आणि बर्फाला टेकली की पेशी फुटतात. पावसाळ्यात वीज गेली तर फ्रिज उघडूच नका! पेशी खाली बसल्यावर वरचा पिवळसर द्रव लाल झाला असेल किंवा रक्त काळपट दिसलं, तर ती पिशवी बाद. सोबत सलाइन साधं, ०.९ टक्क्यांचंच, रिंगर लॅक्टेट या दुसऱ्या सलाइनमधल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. लावलेली पिशवी ४ तासांत संपवायची.